सांधेरोपण, जंतुसंसर्ग आणि घराण्याचा वारसा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यसभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त बाहेरच्या मंडपांत बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या जुन्या वह्या मांडून ठेवल्या आहेत. काल सायंकाळीं आम्ही तेथें बराच वेळ उभे होतों. कोणी आपल्या आजोबांचें नांव शोधीत होता, कोणी पणजीचें माहेर कोणतें हें ताडून पाहत होता. एक वृद्ध गृहस्थ मात्र काठीवर भार देऊन एकाच पानाकडे टक लावून उभे होते. आम्हांस पाहतांच ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, ह्या वहींत आमच्या घराण्याचीं नांवें आहेत. आमच्या घराण्याचीं दुखणीं कोणत्या वहींत लिहिलेलीं असतात?"

आजचें आमचें भाषण म्हणजे ह्या एका प्रश्नाचें उत्तर होय.

त्या प्रश्नामागें एक कथा आहे, आणि ती येथें सांगण्यास त्या गृहस्थांची व त्यांच्या वडील बहिणीची अनुमति आम्हीं घेतली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं ह्या बाईंचा गुडघा अगदीं झिजला, म्हणून शस्त्रक्रिया करून कृत्रिम सांधा बसविण्यांत आला. पहिले कांहीं आठवडे बरे गेले. पुढें जखमेंतून पाणी झिरपूं लागलें, ताप येऊं लागला, आणि सांध्यांत पू झाल्याचें निष्पन्न झालें. बसविलेला सांधा काढावा लागला. कित्येक आठवडे शिरेंतून औषध द्यावें लागलें. आणि मग दुसरा सांधा बसवावा लागला. बाई त्यांतून उठल्या, काठी घेऊन चालूंही लागल्या. परंतु जमिनीचा एक तुकडा ह्या दुखण्यापायीं गेला, आणि शेजारींपाजारीं बोलवा झाली कीं ह्या घराण्याच्या रक्तांतच कांहीं तरी दोष आहे. त्यांच्या वडिलांच्या पायाची जखम वर्षानुवर्षें भरली नव्हती, ह्याचीही आठवण कोणी तरी काढली. तेव्हांपासून धाकट्या भावांनीं आपला दुखरा गुडघा डॉक्टरांना दाखविणेंच सोडून दिलें. आज त्यांना देवळाची पायरी चढतांना दोघांचा आधार लागतो.

त्या वेळीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों आणि मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें कीं जंतु बाहेरून येतात. घराण्याचा त्यांत कांहींएक संबंध नाहीं. बंधुभगिनींनो, तें आमचें बोलणें अर्धेंच खरें होतें. त्या गृहस्थांस तें पटलें नाहीं, आणि न पटण्यांत त्यांची चूक नव्हती. अर्धें सत्य सांगून दिलेला धीर टिकत नाहीं, हें आम्ही उशिरां शिकलों. म्हणून पूर्ण सत्य आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम सांध्याविषयीं थोडें सांगतों. खुबा किंवा गुडघा झिजला म्हणजे हाडांचीं झिजलेलीं टोकें कापून त्यांच्या जागीं धातूचे व प्लास्टिकचे भाग बसवितात. ही कल्पना जुनी आहे. बर्लिन येथील शस्त्रवैद्य थेमिस्टोक्लीज ग्लुक ह्यांनीं १८९० सालीं क्षयानें नासलेल्या गुडघ्यांत हस्तिदंताचा सांधा बसविला होता. परंतु जंतूंनीं त्यांचे श्रम व्यर्थ केले. पुढें इंग्लंडांत, लँकेशायरमधील रायटिंग्टन रुग्णालयांत, जॉन चार्नली ह्यांनीं १९६२ सालीं पोलादी गोळा व टिकाऊ प्लास्टिकची वाटी असलेला खुब्याचा सांधा बसविण्यास आरंभ केला. आजच्या सांधेरोपणाचा पाया तेथें घातला गेला. तरी त्यांच्याही आरंभींच्या रुग्णांपैकीं शंभरांतील सुमारें सातांच्या सांध्यांत जंतूंनीं शिरकाव केला होता.

एवढासा जंतु एवढें नुकसान कसें करतो? १९५७ सालीं इंग्लंडांत इलेक व कोनन ह्या संशोधकांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर एक प्रयोग केला. स्टॅफिलोकॉकस नांवाचा जंतु निरोगी कातडींत टोचला असतां पू होण्यास लाखों जंतु लागत. परंतु त्याच जागीं रेशमी टांक्याचा धागा असला, तर शंभरएक जंतूही पुरेसे होत. एका धाग्यानें जर इतका फरक पडतो, तर धातूच्या सांध्यानें किती पडेल ह्याचा विचार करावा. शरीराबाहेरची वस्तु आंत गेली कीं जंतु तिच्यावर चिकटून बसतात आणि स्वतःभोंवतीं एक बुळबुळीत आवरण तयार करतात. धातूंतून रक्त वाहत नाहीं. म्हणून रक्तांतील रक्षक पेशी व औषधें त्या आवरणाखालीं नीट पोहोंचत नाहींत. ह्याच कारणास्तव त्या बाईंचा सांधा काढावा लागला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हल्लीं चांगल्या रुग्णालयांत पहिल्यानें सांधा बदललेल्या शंभर रुग्णांपैकीं साधारणपणें एक किंवा दोघांस असा संसर्ग होतो. एकाच दिवशीं, एकाच दालनांत, एकाच शस्त्रवैद्याच्या हातून दोघांचे गुडघे बदलले जातात. एकाची जखम दहा दिवसांत भरते आणि दुसऱ्याच्या सांध्यांत पू होतो. जंतु दोघांच्याही अंगावर असतात. मग हा भेद कशामुळें होतो? शस्त्रक्रियेंतील स्वच्छता, रुग्णाचें वय, त्याचीं इतर दुखणीं, ही कारणें तर आहेतच. त्यांखेरीज जन्मतः मिळालेली प्रतिकारशक्ति हेंही एक कारण असूं शकेल काय?

आनुवंशाचे नियम प्रथम शोधून काढणारा पुरुष हा आपल्याच धर्मसभेचा एक मठवासी होता, ही गोष्ट ह्या सभेंत सांगण्यास आम्हांस आनंद होतो. मोरावियांतील ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठाच्या बागेंत फादर ग्रेगोर मेंडेल ह्यांनीं वर्षानुवर्षें वाटाण्याचे वेल लावले, त्यांचे गुण पिढ्यानपिढ्या मोजले, आणि १८६५ सालीं आपला निबंध विद्वानांपुढें वाचला. जगाला त्याची किंमत १९०० सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं कळली. आईबापांकडून मुलांकडे गुण नेणाऱ्या त्या घटकांना आज जनुकें म्हणतात. परंतु वाटाण्याचा दाणा हिरवा कीं पिवळा हें एका जनुकावर ठरतें. जंतूंशीं झुंजण्याची शक्ति ही कित्येक जनुकांचें, शिवाय अन्नाचें, वयाचें व संवयींचें मिळून झालेलें फळ असतें. हा भेद ध्यानांत ठेवावा. कारण गांवचें बोलणें हा भेद ओळखीत नाहीं.

एखादें दुखणें घराण्यांत चालतें काय, हें पाहावयाचें तर दोन वह्या एकमेकींशेजारीं ठेवाव्या लागतात. एक नात्यांची आणि दुसरी दुखण्यांची. पहिली वही कशी असते हें आपण मंडपांत पाहतांच. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला, तो धार्मिक कारणासाठीं. परंतु कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत अशाच कॅथलिक वह्यांवरून घराण्यांच्या वंशावळी जुळविल्या गेल्या आणि आनुवंशिक रोगांच्या अभ्यासास त्यांचा मोठा उपयोग झाला. अमेरिकेंतील यूटा राज्यांत मॉर्मन पंथाच्या लोकांनीं जपलेल्या वंशावळी व आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडण्यांत आल्या आहेत. २०१७ सालीं तेथील शस्त्रवैद्य व संशोधक ह्यांनीं सांधा बदललेल्या साठ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या रुग्णास संसर्ग झाला, त्याच्या आईबाप, भावंडें व मुलें ह्यांपैकीं ज्यांनीं सांधा बदलला होता, त्यांना संसर्ग होण्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट होता.

दुप्पट हा शब्द ऐकून वृद्ध गृहस्थांचा चेहरा काल उतरला. तो कोणाचाही उतरेल. म्हणून दुप्पट म्हणजे किती, ह्याचा हिशेब आपण बाजाराच्या हिशेबासारखा सरळ करूं. त्या नोंदींत शंभर रुग्णांत साधारणपणें दोघांस संसर्ग झाला होता. दोनाची दुप्पट चार. म्हणजे ज्याच्या सख्ख्या बहिणीस संसर्ग झाला, अशा शंभर माणसांनीं सांधा बदलला, तर त्यांपैकीं सुमारें शहाण्णव जणांस संसर्ग होणार नाहीं. चौघांची चिंता करणें हें डॉक्टरांचें कामच आहे. परंतु त्या चौघांच्या भीतीनें शहाण्णवांनीं खाटेला खिळून राहावें, हा शहाणपणा नव्हे. शिवाय एका घरांत राहणारीं माणसें केवळ जनुकेंच वांटून घेत नाहींत. एकाच चुलीवरचें अन्न खातात, एकाच प्रकारें जखमा बांधतात, तंबाखूची संवयही एकमेकांपासून उचलतात. म्हणून ती दुप्पट सर्वस्वीं रक्ताच्याच माथीं मारतां येत नाहीं.

कोणतीं जनुकें ह्यास कारण होत असावीं, ह्याचाही शोध चालू आहे. आपल्या यकृतांत एक प्रथिन तयार होऊन रक्तांत फिरत असतें. जंतूंच्या अंगावरील मॅनोज नांवाची साखर ओळखून तें त्यांस चिकटतें आणि शरीरांतील इतर रक्षकांना जणुं हांक मारतें. कांहीं माणसांत जन्मतःच हें प्रथिन कमी असतें, आणि त्यांपैकीं बहुतेक आयुष्यभर निरोगी राहतात. अशा माणसांस कृत्रिम सांध्यांत संसर्ग अधिक होतो काय, हें इंग्लंडांत व मोरावियांतील ओलोमोउत्स येथें तपासलें गेलें. ह्याच ओलोमोउत्स शहरांत तरुण मेंडेल शिकले होते. जंतूंची चाहूल घेणाऱ्या पेशींचीं व सूज आणणाऱ्या द्रव्यांचीं जनुकेंही संशोधकांनीं पाहिलीं आहेत. हे सर्व अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशीं पूर्णपणें जुळत नाहींत. रक्त तपासून "ह्याच्या सांध्यांत पू होईल" असें सांगणारी आनुवंशिक चाचणी आज प्रचारांत नाहीं. तसें सांगून कोणी पैसे मागूं लागल्यास आपण सावध राहावें.

ह्याहून ठळक वारसा मात्र दुसऱ्या वाटेनें येतो, आणि त्याकडे आपलें लक्ष कमी असतें. मधुमेहाकडे घराण्याचा कल असतो. आणि रक्तांतील साखर वाढलेली असली कीं जखम भरण्यास वेळ लागतो व जंतूंचें फावतें. कांहीं प्रकारचा संधिवातही घराण्यांत आढळतो, आणि त्यावरील कित्येक औषधें प्रतिकारशक्ति मंद करतात. आपल्या महाराष्ट्रांत नंदुरबार, गडचिरोली इत्यादि भागांत आढळणारा सिकलसेल हा रोग तर सर्वस्वीं आईबापांकडूनच येतो. त्यांत प्लीहा निकामी होऊन जंतूंविरुद्धचें बळ घटतें. आणि खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावीं मरूं शकत असल्यामुळें तरुणपणींच सांधा बदलण्याची पाळी येते. अशा रुग्णाची तयारी विशेष दक्षतेनें करावी लागते. आमच्या वृद्ध मित्रांच्या वडिलांची न भरलेली जखम आठवा. ती शाप नव्हती. बहुधा तो न ओळखलेला मधुमेह असावा.

आतां जें आपल्या हातीं आहे त्याविषयीं. चार्नली ह्यांनीं आपल्या रुग्णांची जनुकें बदललीं नाहींत. त्यांनीं शस्त्रक्रियेच्या दालनांतील हवा गाळून शुद्ध केली, वस्त्रें बदललीं, जखम शिवण्याची रीत सुधारली. आणि शंभरांत सात हें प्रमाण दहाएक वर्षांत शंभरांत एकाच्याही खालीं आलें. पुढें ब्रिटन व स्वीडन येथील रुग्णालयांत आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची तुलना झाली. तिचा निष्कर्ष १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. साध्या हवेच्या दालनांत हजारांत पंधरा संसर्ग झाले होते. अतिशुद्ध हवेच्या दालनांत हजारांत सहा. जर्मनींत बुखहोल्झ ह्यांनीं सांधा बसविण्याच्या सिमेंटांतच जंतुनाशक औषध मिसळण्याची युक्ति काढली. तसेंच स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतु दर दहांपैकीं सुमारें तीन निरोगी माणसांच्या नाकांत राहतो. तो वारशानें राहतो काय, हें डेन्मार्कांत जुळ्या भावंडांत तपासलें असतां वारशाचा भाग अल्पच आढळला. आणि नेदर्लंड्समधील रुग्णालयांत अशा रुग्णांच्या नाकांत मलम लावून व त्यांना जंतुनाशक साबणानें न्हाऊं घालून पाहिलें, तेव्हां त्या जंतूचे संसर्ग शंभरांत सुमारें आठांवरून साडेतीनांपर्यंत उतरले. हा निष्कर्ष २०१० सालचा आहे. तात्पर्य, वारशानें जें दुप्पट होतें, तें दक्षतेनें निम्में करतां येतें.

म्हणून ज्यांना सांधा बदलावयाचा आहे, त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या. रक्तांतील साखर तपासून ती आटोक्यांत आणावी. तंबाखू व विडी शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधीं सोडावी. किडलेले दांत, पायाच्या भेगा, कातडीवरचे फोड ह्यांवर प्रथम उपचार करून घ्यावे. रक्त कमी असल्यास तें वाढवावें. त्या सांध्यांत नुकतेंच स्टेरॉइडचें इंजेक्शन घेतलें असेल तर तें शस्त्रवैद्यास सांगावें, कारण त्यानंतर निदान तीन महिने थांबणें इष्ट असतें. आणि आपल्या आईबापांपैकीं, भावंडांपैकीं वा मुलांपैकीं कोणास सांध्यांत संसर्ग झाला असेल, तर तें लपवूं नये. तें ऐकून शस्त्रवैद्य शस्त्रक्रिया नाकारीत नाहीं. तो अधिक काळजी घेतो.

शस्त्रक्रियेनंतर जखम झिरपूं लागली, लाली वाढली, ताप आला, किंवा बरा झालेला सांधा पुन्हां ठणकूं लागला, तर त्याच दिवशीं शस्त्रवैद्याकडे जावें. दुकानांतून जंतुनाशक गोळ्या आणून घेऊं नयेत. त्यांनीं ताप दबतो, पण सांध्यांतील जंतु मरत नाहींत. आणि पुढें सांध्यांतील पाणी तपासलें तरी तो जंतु ओळखूं येत नाहीं. पहिल्या कांहीं आठवड्यांतच शस्त्रवैद्याकडे गेल्यास सांधा न काढतां, आंतून धुऊन वांचविणें पुष्कळदां शक्य होतें.

बंधुभगिनींनो, आतां शेवटची गोष्ट, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. त्या बाईंनीं आम्हांस एकदां विचारलें होतें, "माझ्या हातून असें काय घडलें, म्हणून भाऊ लंगडत राहिला?" त्यांच्या हातून कांहींही घडलें नव्हतें. जनुकें कोणी निवडून घेत नाहीं, आणि मुलांस देतांनाही कोणी निवडून देत नाहीं. जन्मांध मनुष्यास पाहून दोष कोणाचा, त्याचा कीं त्याच्या आईबापांचा, असें शिष्यांनीं प्रभूस विचारलें. तेव्हां प्रभूनें दोघांवरही दोष ठेविला नाहीं, हें शुभवर्तमानांत आपण ऐकलें आहे. प्रभूनें जो दोष ठेविला नाहीं, तो शेजाऱ्यावर ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? एखाद्या घरांत असें दुखणें झालें म्हणून तेथें सोयरीक करण्यास कोणी कचरत असेल, तर तें अज्ञान तर आहेच, परंतु तो अन्यायही आहे. ज्या वारशाविषयीं आज आम्हीं सांगितलें, त्याचा कांहीं ना कांहीं अंश येथें बसलेल्या प्रत्येक घराण्यांत असेल.

त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, घराण्याचीं दुखणीं देवळाच्या वहींत लिहिलेलीं नसतात. तीं आपली आपणच लिहून ठेविलीं पाहिजेत. प्रत्येक घरानें एक पान करावें. आजोबा, आजी, आईबाप, भावंडें, कोणास काय झालें, कोणत्या वर्षीं झालें, कोणत्या औषधानें बरें वाटलें अगर त्रास झाला, हें त्यांत लिहावें. तें पान घरांतच ठेवावें, आणि डॉक्टरांकडे जातांना बरोबर न्यावें.

काल रात्रीं त्या भावंडांच्या ओटीवर बसून आम्हीं त्यांचें पान लिहून काढलें. बहिणीनें सांगितलें, भावानें तारखा जुळविल्या, आणि आम्हीं लेखकाचें काम केलें. सण आटोपल्यावर तें पान घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर शस्त्रवैद्याकडे जाणार आहों. शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं हें तेथें ठरेल, आणि तिचें फळ काय होईल हें आम्ही आज सांगूं शकत नाहीं. परंतु ते बहिणीची हकीकत न लपवितां, आणि तिला दोष न देतां जाणार आहेत. आणि ह्या खेपेस आम्हीही त्यांना अर्धें सत्य सांगणार नाहीं.

 प्रभु आपल्या घराघरांतील दुखणाइतांस बळ देवो.